पोटाच्या ऑपरेशननंतर लेकराचं पोट बिघडतंय? आधी घड्याळ बघा

लेकराच्या जठराचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, डिस्चार्ज मिळाला, आणि घरी आल्यावर नवीनच काहीतरी सुरू झालं, असं लय घरांत होतं. दूध पाजलं की वीस-पंचवीस मिनिटात पोरगं पांढरंफटक पडतं, घामानं भिजतं, उमाळे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, नाहीतर लगेच पातळ शी. किंवा खाल्ल्यावर दीड-दोन तास मस्त खेळतं आणि मग एकदम गळून जातं, हात थरथरतात, किरकिर करतं, कधी डोळे फिरवतं. घरातलं कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं दूध बाधतंय, कुणी म्हणतं खायचं नाही म्हणून नाटकं करतंय. माझ्या पोराला हे सगळं झालंय म्हणून लिहितेय, कारण डिस्चार्ज कार्डावर "लाइट डाएट" एवढंच असतं आणि घरी चुलीपाशी नेमकं काय करायचं ते कुठंच लिहिलेलं नसतं.

आधी एवढं समजून घ्या की ऑपरेशन कुठलं झालंय. मुलांमध्ये जास्त करून होतं ते फंडोप्लिकेशन, म्हणजे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात म्हणजे खाल्लेलं वर येत नाही. रुडॉल्फ निस्सेन नावाच्या सर्जननं ही पद्धत १९५६ साली प्रसिद्ध केली म्हणून कार्डावर "निस्सेन" असंही लिहिलेलं दिसेल. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेला) असलेल्या पोरांना, जन्मतः अन्ननलिका तुटलेली असलेल्या पोरांना, सारखं दूध फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होणाऱ्या पोरांना हे करावं लागतं, आणि त्याबरोबरच बऱ्याचदा पोटातून नळी म्हणजे गॅस्ट्रोस्टॉमी पण बसवतात. तान्ह्या बाळाचं पायलोरिक स्टेनोसिसचं, म्हणजे जठराचं खालचं तोंड जाड होऊन वाट अडते त्याचं, ऑपरेशन असेल तर गोष्ट सोपी आहे, त्यात ऑपरेशननंतर एक-दोन दिवस थोड्या उलट्या झाल्या तरी घाबरायचं नाही, बाळ लवकर दूध घ्यायला लागतं. त्या उलट्या थांबल्याच नाहीत, जोरात लांब उडायला लागल्या किंवा हिरव्या झाल्या तर मात्र सर्जनला गाठायचं. मी इथं जास्त लिहिणार आहे ते फंडोप्लिकेशन आणि नळीवाल्या पोरांबद्दल.

वरच्या त्या दोन त्रासांना मिळून डॉक्टर डंपिंग म्हणतात. जठराचं काम असतं खाल्लेलं धरून ठेवून थोडं थोडं आतड्यात सोडायचं. ऑपरेशननंतर जठराची वरची जागा कमी होते, कधी तिथली नस दुखावते, आणि दूध घाईघाईनं आतड्यात उतरतं. गोड, पातळ काही असेल तर आतडं ते पातळ करायला अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून पोट फुगतं, कळ येते, छाती धडधडते, घाम सुटतो, जुलाब होतो. हे होतं खाल्ल्यापासून साधारण अर्ध्या तासात, फार तर तासाभरात. दुसरा प्रकार उशिराचा, एक ते तीन तासांनी. तिथं झालेलं असं असतं की सगळी साखर एकदम रक्तात चढली, तिला उतरवायला शरीरानं इन्सुलिन भरमसाट सोडलं, आणि साखर खाली जायची तिथं न थांबता पार तळाला गेली. हा प्रकार जास्त धोक्याचा, कारण साखर फार खाली गेली तर फिट येऊ शकते. फिट आली म्हणून मेंदूची गोळी सुरू होते आणि मूळ कारण पोटात आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

म्हणून म्हणतेय घड्याळ बघा. त्रास काय होतोय यापेक्षा खाल्ल्यापासून किती वेळानं होतोय हे डॉक्टरला जास्त सांगून जातं.

एक दोनशे पानी वही घ्या, मोबाईलमध्ये नको, मोबाईल घरात एकाच्या हातात असतो आणि वही सगळ्यांच्या. पानावर असं लिहायचं:

सकाळी ८.०० – दूध साखर घालून १५० मिली, १० मिनिटात संपलं
८.२० – पांढरा पडला, कपाळावर घाम, तीन-चार उमाळे
८.३५ – पातळ शी, मग झोपला
९.५० – उठला, किरकिर, हात गार, ग्लुकोमीटर ५४
१०.१५ – ठीक, खेळायला लागला

एवढं एक पान बघितलं की चांगला बालरोगतज्ज्ञ दोन मिनिटात कुठं शोधायचं ते ओळखतो. किती मिली, किती वेळात, काय घातलेलं, नळीनं दिलं का तोंडानं, हे सगळं पाहिजे. आणि शक्य असेल तेव्हा त्रास चालू असतानाचा व्हिडिओ काढा, कारण ओपीडीत नेल्यावर पोरगं हमखास हसत बसलेलं असतं.

ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून रक्तातली साखर मोजायचं यंत्र, घरात पाहिजेच, असं माझं स्पष्ट मत आहे, मेडिकलमध्ये मिळतो, फक्त कसा आणि कधी वापरायचा ते डॉक्टरकडून एकदा बघून घ्या. बोट आधी साबणानं धुवून कोरडं करा, बोटाला गूळ किंवा बिस्किट लागलेलं असलं तर आकडा उगाच वाढीव येतो आणि आपण गाफील राहतो. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही, मधोमध जास्त दुखतं. आणि एक गोष्ट नीट ऐका, या पोरांची सकाळची उपाशीपोटी शुगर एकदम नॉर्मल येते. त्या एका रिपोर्टवर कुणी "काही नाही, सगळं ठीक आहे" म्हणालं तर वही पुढं करा आणि विचारा की खाल्ल्यानंतरची बघायची का. पक्कं निदान करायला हॉस्पिटलमध्ये ठेवून वजनाच्या किलोमागे १.७५ ग्रॅम या हिशोबानं ग्लुकोज देतात आणि दर थोड्या वेळानं तीन-चार तास रक्त तपासतात, आधी झपकन वर मग झपकन खाली असा आलेख आला की समजायचं. ही टेस्ट घरी ग्लुकोज पावडर पाजून करून बघायची नाही, अजिबात नाही, मुद्दाम साखर पाडायची टेस्ट आहे ती, सलाईनची सुई लावून ठेवूनच करतात.

आता खाणं, आणि इथंच आपल्या कोल्हापुरात खरी अडचण आहे. आपल्याकडं पोरगं अशक्त झालं की पहिला हात गुळाच्या ढेपेकडं जातो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमानाची गोष्ट आहे, पण डंपिंगवाल्या पोराच्या पोटाला गूळ आणि साखर यात काही फरक कळत नाही, काकवी तर पातळ असल्यानं अजूनच वाईट. गुऱ्हाळं सुरू झाली की पाहुणे प्रेमानं काकवीची बाटली घेऊन येतात, उसाचा रस पाजतात, देवळातनं पेढा आणतात, "जरा गोड खाऊ दे की लेकराला, अंगात ताकद येईल" म्हणतात. त्यांची माया खरी आहे, पण त्या लेकराला त्यानंच चक्कर येते, हे आज्जीला हात धरून शांतपणे सांगावं लागतं, आणि शक्यतो डॉक्टरच्या तोंडून सांगायला लावावं, आपलं ऐकत नाहीत. ग्लुकोज पावडर, मध, सरबत, डब्यातले ज्यूस, चॉकलेटी पावडरी, अंगणवाडीतली गोड पाकिटं, हे सगळं त्याच रांगेतलं. गंगावेशीतलं धारोष्ण दूध कितीही नावाजलेलं असलं तरी ऑपरेशन झालेल्या लेकराला कच्चं दूध द्यायचंच नाही, आणि उकळलेलं दूधसुद्धा एकदम ग्लासभर नाही.

मग द्यायचं काय. तत्त्व एवढंच की पोटातून सावकाश उतरेल असं द्या. तूप, तेल, शेंगदाण्याचं कूट यानं जठर हळू रिकामं होतं. अंडं, घट्ट मुगाचं वरण, पनीर, मऊ उसळ ही प्रथिनं. शाळूची भाकरी कुस्करून वरणात मऊ करून वर तूप, नाचणीची आंबील गुळाऐवजी मीठ आणि ताक घालून पण घट्टसर, मऊ भात द्यायचा तर नुसता भात नको, वरण आणि तूप जास्त, भात कमी. एकावेळी थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, आणि सावकाश. पाणी जेवणाबरोबर नको, जेवणाआधी किंवा नंतर अर्ध्या तासाचं अंतर ठेवून द्या, कारण पाण्याबरोबर घास लवकर खाली वाहून जातो. तांबडा-पांढरा रस्सा घरात शिजतोच, पांढऱ्या रश्शातले दोन चमचे भाताला लावून दिले तर चालतं असा आमचा अनुभव, पण वाटीच्या वाटी रस्सा प्यायला दिला की तो पातळ असल्यानं झरझर उतरतो, तिखटाचा प्रश्न तर वेगळाच. हे सगळं जेवण खाणाऱ्या पोरांसाठी. दूधच पिणारं बाळ असेल तर दूध घट्ट करायचं का, त्यात काय मिसळायचं, दोन दुधांत अंतर किती हे बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञच ठरवतील, आपण घरच्या घरी दुधात पीठ कालवायचं नाही.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अजून एक, गुंडाळलेल्या जागी सूज असते, त्यामुळं कोरडी चपाती, पाव, मटणाचा तुकडा अडकतो. पोरगं घास तोंडात धरून बसतं, लाळ गळते, छातीवर हात ठेवतं. त्या काळात सगळं पातळसर आणि मऊ. म्हणजे एकीकडं अडकू नये म्हणून पातळ पाहिजे आणि दुसरीकडं डंपिंगमुळं घट्ट पाहिजे, ही ओढाताण होते, आणि त्यातला मध्य प्रत्येक पोराचा वेगळा असतो, तोच वहीतून सापडतो.

उशिराच्या डंपिंगला डॉक्टर कधी कधी कच्चं कॉर्नफ्लोअर सांगतात. हे म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते पांढरं कॉर्नफ्लोअर, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. त्यातली साखर रक्तात हळूहळू सुटते म्हणून मधला खड्डा पडत नाही. पण ते थंड किंवा साध्या पाण्यातच कालवायचं, गरम दुधात घातलं की शिजतं आणि मग त्याचा उपयोग संपतो. नळीतून देत असाल तर ढवळत ढवळत द्या आणि लगेच पाणी सोडा, नाहीतर खाली बसून नळी चोंदते. फार लहान बाळाला ते पचत नाही, आणि किती ग्रॅम हे वजनावर असतं, तेव्हा प्रमाण डॉक्टरकडूनच लिहून घ्या. एवढ्यानं भागलं नाही तर अकार्बोज नावाची गोळी देतात, ती पिठूळ पदार्थांची साखर व्हायचा वेग कमी करते, त्यानं पोटात गॅस वाढतो हे आधी माहीत असू द्या म्हणजे घाबरून बंद करणार नाही. नळीवाल्या पोरांना एकदम भरभर सिरिंजनं न देता पंपानं किंवा ड्रिपसारखं तासनतास हळूहळू दूध सोडणं हा पण मोठा उपाय आहे.

साखर खाली गेली तर काय, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे, शेजारच्या काकूंना पण. मीटरवर ७० च्या खाली आलं, किंवा डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर त्याच्या खाली आलं, आणि पोरगं शुद्धीत असून गिळतंय, तर अशा वेळी साखरच द्यायची. होय, ज्या साखरेनं हे झालं तीच, पण मोजून, डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच. पंधरा मिनिटांनी परत बघायचं. वर आली की लगेच सावकाश पचणारं काहीतरी खायला द्यायचं, अंडं-भाकरी, कूट घातलेला भात, नाहीतर तासाभरात परत तोच खेळ सुरू. पोरगं शुद्धीत नसेल किंवा फिट आली असेल तर तोंडात पाण्याचा थेंब नाही, चमचा नाही, बोट नाही. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला कुणी धावलं तर त्याला बाजूला करा, वेळ घालवू नका.

आता गॅस. फंडोप्लिकेशन घट्ट बसलं की पोराला ढेकर देता येत नाही आणि उलटीही होत नाही. गिळलेली हवा जाणार कुठं, पोट फुगतं, पोरगं कळवळतं, उमाळे काढतं. बाटलीनं पिताना हवा जाते, रडताना जाते, स्ट्रॉनं जाते, सोडा तर बंदच. नळी असेल तर हवा काढणं सोपं आहे. मोठी ६० मिलीची सिरिंज घ्या, तिचा दांडा पूर्ण काढून टाका, नुसतं नळकांडं नळीला जोडा, पोराला थोडं उंचावर टेकवून बसवा, सिरिंज पोटाच्या वर धरा आणि मग नळीचा चिमटा म्हणजे क्लॅम्प उघडा. आधी बुडबुडे येतात, बुड्-बुड् आवाज होतो, दूध नळकांड्यात वर चढतं आणि पोरगं श्वास सोडतं तसं खाली उतरतं. घाई करू नका, दूध आपोआप परत आत जाऊ द्या, ते फेकायचं नाही. पोट हाताला मऊ लागलं, कपाळावरच्या आठ्या गेल्या की कोमट पाण्यानं नळी धुवून क्लॅम्प लावा. आमच्याकडं दूध द्यायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हे ठरलेलंच असतं. वर आलेलं पाणी हिरवं किंवा रक्ताळलेलं दिसलं तर दूध बंद करून डॉक्टरला फोन.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात म्हणून मुद्दाम लिहितेय. व्यवस्थित चाललेल्या पोराला अचानक डंपिंगसारखं व्हायला लागलं तर आधी नळी बघा. पुढं फुगा असलेली नळी आत सरकली की फुगा जठराच्या खालच्या तोंडाशी जाऊन बसतो, कधी पुढं आतड्यात जातो, मग दूध थेट आतड्यात पडतं नाहीतर वाट अडून पोट फुगतं. नळीवर आकडे असतील तर कातडीपाशी कुठला आकडा येतो तो वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि साधी फोली नळी बसवलेली असेल, जिच्यावर आकडे नसतात, तर कातडीपाशी पक्क्या पेननं खूण करा. रोज सकाळी अंघोळीच्या वेळी बघायचं. खूण आत गेलेली दिसली तर दूध थांबवून दाखवायला जा. नळी बाहेरच निघून आली तर भोक काही तासांतच आकसायला लागतं, तेव्हा स्वच्छ गॉज ठेवून, निघालेली नळी पिशवीत घेऊन तसंच निघायचं. नवीन ऑपरेशन असेल तर स्वतः परत घालायचा प्रयत्न अजिबात करू नका, ती जठराबाहेर पोटाच्या पोकळीत जाऊ शकते.

आणि ज्याला वहीबिही काही नाही, थेट पळायचं, ते हे: हिरवी उलटी. पोट ढोलासारखं ताठ. शी आणि गॅस दोन्ही बंद आणि पोरगं कळवळतंय. ताप आणि टाक्यातून पू. उलटीत किंवा शीत रक्त, काळी शी पण त्यातच आली. फंडोप्लिकेशनवाल्या पोरांत आतडं अडकलं तरी उलटी होत नाही, नुसते कोरडे उमाळे आणि वाढत जाणारं पोट, त्यामुळं "उलटी नाही म्हणजे ठीक आहे" असं समजून रात्र काढू नका. ऑपरेशननंतर आतड्याला आतून चिकटे बसतात आणि त्यात आतडं अडकणं हे महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा होऊ शकतं. निघताना तोंडानं काही देऊ नका, नळी असेल तर उघडी करून पिशवीला लावा म्हणजे पोटावरचा ताण कमी होतो. सीपीआरला म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे हॉस्पिटलला जा किंवा जवळ जिथं लहान मुलांचा सर्जन आहे तिथं, आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला, "याचं फंडोप्लिकेशन झालंय, याला उलटी होऊ शकत नाही". बाकी सगळं नंतर. चंदगड, आजरा, गगनबावडा अशा लांबच्या गावच्या लोकांनी तर निघायचा निर्णय अजून लवकर घ्यायला पाहिजे, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये पाहिजे.

जुलाबाचं जाता जाता सांगते, प्रत्येक पातळ शी म्हणजे इन्फेक्शन नव्हे. वहीत दर वेळी दुधानंतर अर्ध्या तासात शी दिसत असेल तर आपल्या मनानं अँटिबायोटिकची बाटली आणू नका. बऱ्याच सिरपमध्ये साखर नाहीतर सॉर्बिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, त्यानं पण पोट ढळतं, म्हणून दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडं सर्दी-तापाला गेलात तरी सांगा की डंपिंगचा त्रास आहे, कमी गोड औषध द्या. खरंच जुलाब लागले तर ओआरएस लागतंच, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली लिटरची पुडी घ्या, तिच्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ती चमच्या-चमच्यानं द्या. पॅकबंद गोड पेयं त्या जागी चालत नाहीत.

शाळेत जाणारं पोरगं असेल तर बाईंना एका कागदावर लिहून द्या, मधल्या सुट्टीनंतर लगेच पीटी नको, वाढदिवसाचं चॉकलेट हातात देऊन घरी पाठवा, आणि अकराच्या सुमारास बाकावर डोकं टेकवून पडलं तर झोप आली म्हणून सोडू नका, आम्हाला फोन करा. डब्यात दोन कप्पे ठेवा, एक पहिल्या सुट्टीला, एक दुसऱ्या, म्हणजे एकदम सगळं खाणार नाही.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळेला, अंगणवाडीत केलं तरी चालतं. वजन वाढत असेल आणि त्रास कमी होत असेल तर मार्ग बरोबर आहे, बऱ्याच मुलांचं डंपिंग मोठं होता होता कमी होतं. वजन सलग दोन महिने थांबलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता वही घेऊन जा.

पावसाळ्याआधी मात्र एक कराच. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी चढलं आणि शिरोलीपाशी हायवे बंद झाला, त्या दिवसांत औषधाची गाडी पण येत नव्हती. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, जादाच्या सिरिंजा, नळी, गोळ्या, स्पेशल दूध असेल तर त्याचा डबा, हे पंधरा दिवस पुरेल एवढं जूनच्या सुरुवातीलाच एका डब्यात भरून वर माळ्यावर ठेवा, पट्ट्यांची एक्स्पायरी बघून.